उलट्या पिळाचे शंख

शेलूबाजारहून समुद्र किती लांब आहे ते मला विचारू नका. मी त्याला पाहिलेलं नाही आणि त्यानं मला. तरी माझ्या घरची चूल गेली कित्येक वर्षं त्याच्याच जिवावर पेटते. मी जातीचा आणि धंद्याचा कुंभार. शंख, शिंपले, मासे, कासवं, खेकडे असं सगळं मातीचं घडवतो, त्यावर काचेची झिलई चढवतो, आणि लोक ते घरात भिंतीवर, काचेच्या कपाटात, टीव्हीशेजारी ठेवतात. हायवेनं जाणारी माणसं गाडी थांबवून विचारतात, "हे तुम्ही कोकणातून आणता का?" मी म्हणतो, "छे! कोकणवालेच इथून नेतात." यातलं थोडं खरं आहे. किती, ते पुढे कळेल.

माझी बायको शेवंता हा लेख छापून आल्यावर वाचणार आहे आणि ठिकठिकाणी "खोटं!" म्हणून ओरडणार आहे. वाचकांनी तिकडे लक्ष देऊ नये. तिला ती सवयच आहे. लग्नात भटजींनी सावधान म्हटलं तेव्हा मी खरोखर सावध झालो होतो, हेसुद्धा तिला अजून पटलेलं नाही.

धंदा थोडक्यात सांगतो. आमच्याकडची काळी माती कापसाला, सोयाबीनला, तुरीला चांगली. भांड्याला नाही. वाळता वाळता ती अशी फाटते की एका भेगेत माझी चप्पल गेली ती अजून वर आलेली नाही. माझे वडील तळ्यातला गाळ आणून त्यात राख आणि लीद मिसळून माठ-रांजण करायचे. पण झिलईच्या कामाला मोठी आग लागते आणि तो गाळ तेवढी आग सोसत नाही. म्हणून मी पांढऱ्या मातीची पोती बाहेरून मागवतो. वस्तू चाकावर घडवायची, सावलीत वाळवायची, गॅसच्या भट्टीत एकदा भाजायची. मग काचेची भुकटी पाण्यात कालवून तिचा लेप द्यायचा आणि पुन्हा भाजायची. लेपात कोबाल्ट घातलं की निळा रंग येतो, तांबं घातलं की हिरवा. गंमत अशी की भट्टीत जाताना सगळा माल राखेत लोळलेल्या गाढवासारखा दिसतो आणि बाहेर येताना समुद्र होऊन येतो. भट्टीचं दार उघडेपर्यंत आत काय झालं असेल हे कुणालाच माहीत नसतं. मला माहीत असतं, पण मी तसं गिऱ्हाइकाला सांगत नाही.

उन्हाळ्यात तर भट्टीचीही गरज नसते. मे महिन्यात अंगणात ठेवलेलं कासव भाजून निघतं, आणि एखाद्या वर्षी ते सावलीच्या शोधात दोन पावलं चाललेलंही मी पाहिलं आहे. (आत्ता शेवंता ओरडली असेल.)

हा समुद्र माझ्या घरात शिरला तो एका ढाब्यामुळे. हायवेवर रमेशशेठचा ढाबा आहे. त्यानं एके दिवशी मला बोलावलं आणि आतली कोरी भिंत दाखवली.

"मले हितं समुद्र पायजे," तो म्हणाला. "पुरा."

"मासे टाकू?"

"मासे तर पायजेच. पण एक गोष्ट ध्यानात ठेव. गिऱ्हाइकाले ते खावेसे नाही वाटले पायजे. आपला ढाबा शुद्ध शाकाहारी हाये."

आता खावासा न वाटणारा मासा कसा करतात हे कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवत नाहीत. मी तीन दिवस डोकं धरून बसलो. मासे मला माहीत होते ते अडाण धरणातले: रोहू, मरळ, वाम. ते जसेच्या तसे केले तर बघणाऱ्याच्या तोंडाला पाणीच सुटणार. शेवटी मी माशांना माणसांचे चेहरे दिले. हसरे. एकाला माझ्या साडूचा चेहरा दिला. कुणाची खायची हिंमत होईल? साडू आजही त्या ढाब्यावर जेवतो आणि नेमका त्याच माशाखाली बसतो. त्याला अजून ओळख पटलेली नाही. शेवंताच्या बहिणीला पहिल्याच दिवशी पटली.

ती भिंत एवढी खरी उतरली की एक ट्रकवाला तिच्याकडे तोंड करून जेवायला बसला आणि अर्ध्या जेवणातून उठला. "शेठ, मले गरगरून राह्यलं. टेबल हालून राह्यला!" तेव्हापासून तो भिंतीकडे पाठ करून बसतो. एक बगळा तर दारातून उडत आला, वामेवर चोच मारली आणि वाकडी चोच घेऊन परत गेला. त्याच्या पिल्लांच्या चोची वाकड्याच निघाल्या असं ऐकून आहे.

त्या भिंतीमुळे नाव झालं. मग गल्ल्याशेजारच्या फळीवर मी शंख विकायला ठेवू लागलो. शिरपूरच्या जैन मंदिराच्या दर्शनाला जाणारे यात्रेकरू ढाब्यावर थांबत. त्यांतल्या एका वयस्कर बाईंनी एक शंख हातात घेतला, आत डोकावून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "भैया, इसमें जीव था क्या?"

मी म्हटलं, "माताजी, इसमें सिर्फ मेरा जीव गया है. और किसीका नहीं."

त्या इतक्या हसल्या की सोबतच्या सगळ्यांनी एकेक घेतला. तेव्हापासून मी येणाऱ्याजाणाऱ्याला छाती पुढे काढून सांगायला लागलो की ज्याच्यासाठी कुणाचा जीव गेला नाही असा शंख जगात फक्त शेलूबाजारात मिळतो. बोलण्याच्या नादात असंही म्हणायचो की खुद्द समुद्राला माझ्या शंखात आणि त्याच्या शंखात फरक कळणार नाही.

समुद्राला कळला असता की नाही देव जाणे. समुद्रकाठच्या एका म्हातारीला पहिल्याच नजरेत कळला. मला जे सांगायचं आहे ते हेच.

एका दुपारी वाशीमहून एक तरुण मोटारसायकलवर आला. नाव नितीन. कोकणातला मुलगा, बँकेत नोकरीला, बदली होऊन वाशीमला आलेला. ढाब्यावरून त्यानं काही दिवसांपूर्वी माझा एक शंख नेला होता.

"तो शंख तुम्ही केला?" त्यानं विचारलं.

मी तक्रार ऐकण्यासाठी ठेवलेला माझा खास चेहरा लावला. "मीच. काही तडा गेला का?"

"आई बोलली."

"काय बोलल्या?"

"तुम्हाला कळत नाहीये, काका," तो म्हणाला आणि ओट्यावर बसला. "आई बोलली."

मग त्यानं सगळं सांगितलं. वडील गेल्यावर त्यानं आईला गावाकडून इथं आणलं. तिकडचं घर बंद, आसपास कुणी नाही, एकटी कशी ठेवणार? पण वाशीमला आल्यापासून ती खिडकीजवळ बसून असते. दोन घास खाते, तेही त्याच्यासाठी. बोलणं हळूहळू बंदच झालं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. ते म्हणाले, यांची जगायची इच्छा उतरली आहे. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

"ती रोज थोडी थोडी चालली आहे," नितीन म्हणाला, "आणि मी रोज दहाला बँकेत जातो. तिला समुद्राची आठवण येत असेल म्हणून शंख नेला. तिनं हातात घेतला, फिरवून बघितला आणि बोलली. किती दिवसांनी आवाज ऐकला तिचा!"

"पण काय बोलल्या ते तर सांग गड्या!"

तो जरा घुटमळला. "'उलटो' म्हणाली. शंख उलटा आहे म्हणाली."

पोराचे डोळे आनंदानं भरले होते. माझे अपमानानं. मी म्हटलं, "त्यांना इकडे घेऊन या. बघू कोण उलटं आहे ते."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो आईला रिक्षानं घेऊन आला. गावाकडे सगळे तिला आये म्हणत असं नितीननं सांगितलं, म्हणून मीही म्हणू लागलो. वाळलेल्या फांदीसारखी बाई. नितीननं हात धरून उतरवलं तेव्हा वाऱ्यानं उडू नये म्हणून पदरात दगड बांधावा असं मला वाटलं. पण माझ्या ओट्यावरच्या मालाच्या फळीजवळ आल्यावर तिनं मुलाचा हात सोडला. एकेक शंख उचलायचा, टोक वर धरायचं, बघायचं, खाली ठेवायचं. तिची मालवणी बोली मला ऐकू आली तशी लिहितो. चुकली तर माझ्या कानाचा दोष.

"उलटो," ती म्हणाली. दुसरा उचलला. "ह्योय उलटो." तिसरा. "सगळे उलटे. दर्यो कधी बगलंस काय रे?"

"नाही पाहिला, आये."

"म्हणान दिसता." तिनं शंख टोक वर करून माझ्या नाकासमोर धरला. "तोंड खंय येता बग. डाव्या हाताक. दर्यातल्या शंखाचा उजव्या हाताक येता. पीळ उलटो घातलंस तू."

शेवंता दारात उभी होती. तिला तर सणच. "पायलं? म्या कवाची सांगून राह्यली, या माणसाचं समदं उलटंच असते!"

मी हार मानणारा नव्हतो. "आये, समुद्र लय मोठा असते म्हणतात. कोण्या कोपऱ्यात असंल की असाबी शंख."

आयेनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दर्यो मोठो आसा," ती म्हणाली, "पण तुझ्याइतको आवाज नाय करणा."

नितीन हसला. आणि तो हसला म्हणून म्हातारीच्या ओठाचा एक कोपरा हलला. पोरानं ते पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की झक मारत मला शंख सुलटा करणं भाग होतं.

आता चूक कुठे होती ते सांगतो. आमचं चाक काठीनं फिरवतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. माझ्या वडिलांचं तसं फिरायचं, त्यांच्या वडिलांचंही. (मोटारीचं चाक मी घेतलं नाही. ते एवढं घरघरतं की मला माझंच बोलणं ऐकू येत नाही आणि कामात मजा राहत नाही.) शंखासाठी आधी चाकावर उंच निमुळता कोन उभा करायचा. मग चाक फिरत असताना टोकापासून खाली बोटानं दाब देत यायचं, म्हणजे पीळ आपोआप पडतो. पीळ संपतो तिथं माती कापून तोंड उघडायचं. चाक ज्या दिशेनं फिरतं तसा पीळ पडणार. माझ्या चाकाची दिशा आणि समुद्राची दिशा जुळत नव्हती, एवढंच.

तुम्ही म्हणाल, मग बोट खालून वर न्यायचं. नेलं. टोकाशी पोचेपर्यंत शंख डोलायला लागतो आणि मान टाकतो. त्या आठवड्यात माझ्याकडे एवढ्या शंखांनी माना टाकल्या की अंगण लग्नानंतरच्या मांडवासारखं दिसायला लागलं. चाक सोडून हातानं मातीच्या वळ्या गुंडाळून पाहिल्या. त्याची थकलेली जिलबी झाली. उपाय एकच होता. चाक उलटं फिरवायचं.

आणि तेच करता येत नव्हतं.

इतर कुंभारांकडे कसं असतं मला माहीत नाही. आमच्या घरात चाक उलटं फिरतं ते एकाच वेळी. चाकावर बसणारा माणूस गेला की तेराव्या दिवशी थोरला मुलगा ते हातानं एक फेरा उलटं फिरवतो आणि थांबवतो. त्याचं फिरणं संपलं, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या वडिलांसाठी तो फेरा मी फिरवला आहे. दगडी चाक, पण त्या दिवशी ते एवढं हलकं लागलं की मला रडू आलं. लहानपणी खेळता खेळता मी एकदा चाकाला उलटा धक्का दिला होता, तेव्हा आईनं मला अंगणभर पळवून मारलं होतं. त्यामुळे उलट्या चाकाला हात लावायचा म्हटलं की माझी बोटंच आखडतात. म्हणजे ते दुसऱ्यानंच फिरवायला पाहिजे.

मी शेवंताला विचारून पाहिलं.

"तुमाले मरायची घाई झाली का?" ती म्हणाली. "मी नाही फिरवत. अन् कोणाले फिरवूबी देत नाही."

पुढच्या सुट्टीला आये पुन्हा आली. नितीन म्हणाला, सकाळपासून तयार होऊन बसली होती. दारातूनच तिनं विचारलं, "झालो काय?"

मी माना टाकलेले शंख दाखवले. जिलबी दाखवली. मग घरचा नियमही सांगितला, कारण दुसरं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. आयेनं सगळं ऐकून घेतलं आणि चाकाकडे पाहत म्हणाली, "मगे मी फिरवतंय. माझ्या घरात तसो नियम नाय."

शेवंतानं मला हाताला धरून बाजूला ओढलं. तिच्या मते ती कुजबुजत होती. "तुमाले काही लाज हाये का? तिचा लेक म्हन्ते, म्हातारी जगायचं सोडून राह्यली. अन् तुमी तिच्याच हातानं उलटं चाक फिरवाले लावता? उद्या काही झालं तं त्या पोराले काय तोंड दाखवान?"

मी हातातली काठी खाली ठेवली. नितीनचाही चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "आई, राहू दे. आपण घरी जाऊ."

पण शेवंताची कुजबूज मंगरुळपीरपर्यंत ऐकू जाते. आये तर चार हातांवर होती. वऱ्हाडी तिला पूर्ण कळलं नसेल, मतलब कळला.

"म्हणजे ह्यां चाक मरणाचां," ती म्हणाली. "बरां. नितीनचो बापूस गेलो तेवा कोणी काय फिरवूक नाय. आमच्यात तसा नाय. तरी समज, त्येचो फेरो र्‍हवलेलो. तो मी फिरवतंय."

मग शेवंता आत गेली. मला वाटलं, रागानं गेली. ती पाट घेऊन आली. चाकाच्या पलीकडे ठेवला, पदरानं पुसला आणि आयेला हात धरून त्यावर बसवलं. "जात्यावानी फिरवा, आये. हळू. तुमचा दंड दुखला तं सांगजा."

मी चाक नेहमीसारखं काठीनं फिरवून मातीचा कोन उभा केला. चाक थांबू दिलं. दोन्ही हात ओले करून मातीवर ठेवले. आयेनं चाकाच्या कडेला दोन्ही तळवे लावले आणि रेटलं. ते जागचं हललं नाही. नितीन पुढे झाला तर तिनं मानेनंच नको म्हटलं. पुन्हा रेटलं. चाक हललं, आणि उलटं फिरत गेलं.

पहिला फेरा पूर्ण होईपर्यंत मी मातीला बोट लावलं नाही. तो तिच्या नवऱ्याचा होता. तिचे डोळे चाकावर होते. फेरा पुरा झाला तशी ती थांबेल असं मला वाटलं, आमच्या घरात थांबतात. ती थांबली नाही. दुसऱ्या फेऱ्याला म्हणाली, "बगतंस काय? बोट लाव!"

मी बोट लावलं आणि टोकावरून खाली आणलं. माती माझ्या बोटाखालून भलत्याच बाजूनं येत होती. इतकी वर्षं ज्या रस्त्यानं गेलो तो रस्ता उलटा माझ्याकडे चालत आला होता. पीळ पडला. टोक जागेवर राहिलं. पीळ संपला तिथं मी तार लावून तोंड उघडलं. तोंड उजव्या हाताला आलं.

आयेला धाप लागली होती. कपाळावर घाम, हातांवर मातीचे शिंतोडे. शंखाकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "आता दर्यातलो दिसता." मग माझ्याकडे न बघता शेवंताला विचारलं, "गो, जेवाण काय केलंस?"

शेवंतानं ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी केली होती. आयेनं भाजी नाकाजवळ नेली, संशयानं एक घास घेतला, मग भाकर संपवली, मग आणखी अर्धी मागितली. नितीन ताट पुढे घेऊन बसला होता, पण जेवत नव्हता. आईचा प्रत्येक घास बघत होता. शेवंता त्याला म्हणाली, "जेव ना रे बाबू, तुह्या ताटात काय ते पाहून राह्यला का?" तेव्हा कुठे त्यानं मान खाली घातली. त्याला ठसका लागला. तिखटानं लागला असं आम्ही सगळ्यांनी मानलं.

त्यानंतर बँकेला सुट्टी असली की आये शेलूबाजारात. पुढे पुढे तर मुलाची वाट न पाहता एकटीच जीपमध्ये बसून यायला लागली. ड्रायव्हरला सांगायची, समुद्राकडे सोड, आणि तो बिनचूक माझ्या दारात सोडायचा. चाक फिरवून तिचे दंड असे झाले की एकदा तिनं माझ्या पाठीत प्रेमानं थाप मारली आणि मी थेट ढाब्यावर जाऊन पडलो. माझ्या सगळ्या मालाची तिनं तपासणी केली. खेकड्याचे पाय कमी, कासवाची मान जास्त लांब. ढाब्याच्या भिंतीतून उरलेला, साडूच्या चेहऱ्याचा एक हसरा मासा घरात होता, तो हातात घेऊन तिनं बराच वेळ निरखला.

"मासो हसता कशाक?"

"आये, तो शाकाहारी ढाब्यातला हाये."

"मगे हसतलोच," ती म्हणाली आणि साडूला खाली ठेवलं.

अडाण धरणाचा रोहू मी एकदा मोठ्या हौसेनं आणून तिला खाऊ घातला. तिनं तो शांतपणे संपवला आणि काटे ताटाच्या कडेला नीट लावत म्हणाली, "बरो होतो बिचारो. पण ह्येका आयुष्यात मीठ माहीत नाय."

सुलटे शंख भट्टीतून निघाले तेव्हा मी एवढा फुगलो की दारातून आडवं जावं लागलं. आणि त्या फुगलेपणातच मी एक वेडेपणा केला. जुने उलटे शंख मला बघवेनात. एक चुकीची गोष्ट फळीवर ठेवून मी सगळ्या वऱ्हाडाला छाती पुढे काढून दाखवत होतो! मी मुसळ घेतलं आणि फळीवरचे, पेटीतले, ढाब्यावरचे सगळे उलटे शंख फोडून टाकले. अंगणात निळ्या खापरांचा ढीग झाला. विकलेले गेले ते गेले, माझ्या हाताशी येईल असा एकच राहिला होता. नितीननं पहिला नेलेला.

आये आली तेव्हा मी अगदी ऐटीत म्हणालो, "आये, तो पयला शंख आणून द्या. त्याच्या बदल्यात सुलटा नेजा. तो फोडून टाकतो."

म्हातारी पाटावर बसता बसता थांबली. "हात लावशीत तर!" ती एवढ्या जोरात म्हणाली की शेवंता पीठ मळलेल्या हातानं बाहेर आली.

मग तिनं ढीग पाहिला. खाली वाकून एक खापर उचललं, त्यावरचा पीळ अंगठ्यानं चाचपला.

"कितके फोडलंस?"

"सारेच."

"अरे मेल्या," ती म्हणाली. यावेळी आवाज खाली आला होता. "दर्यात सगळे शंख सुलटे असतत. लाखांत एखादो उलटो. ज्येका गावता त्येका देव पावलो म्हणतत. माझो घोव आख्खो जन्म जाळ्यांतले शंख उलटेसुलटे करून बगी. एकूण एक. लोक हसत. मी पण हसय. शेवटाक दुखण्यात पडलो तेवापण म्हणा, एक तरी गावाक व्हयो होतो." तिनं हातातलं खापर पदरानं पुसलं. "आणि हयसर वाशीमात नितीन माझ्या हातात देता तो उलटो! माका वाटला, मस्करी करता देव."

मी ढिगाकडे बघत राहिलो. एका माणसाला जन्मभर शोधून एक सापडला नाही, आणि मी ते टोपलीनं करत होतो आणि टोपलीनं फोडून बसलो होतो. धंद्यात मला पस्तावा फारसा होत नाही. त्या दिवशी झाला. शेवंताला मला टोचायला एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती. पण तिनं नुसता झाडू आणला, आणि खापरं उकिरड्यावर न टाकता चाकाच्या खाली नीट पसरून ठेवली. ती अजून तिथंच आहेत.

"पण आये," मी विचारलं, "मंग पयल्याच दिवशी असं सांगितलं काहून नाही? उलटा म्हणून मले लाजवलं तुमी!"

"शंख म्हणान केलेलंस, तर शंखासारखो होवक व्हयो," ती म्हणाली. "आणि तू येवढो बडबडी होतंस, आणखी काय सांगतलंय?"

आता माझ्याकडे दोन फळ्या आहेत. एकीवर आयेच्या हातचे सुलटे शंख, दुसरीवर माझ्या चाकाचे उलटे. दोन्ही विकले जातात. गिऱ्हाइकाला मी फरक समजावून सांगतो आणि उलट्या शंखाची जी गोष्ट सांगतो ती दर वेळी थोडी लांबते. मागच्या वेळी तिच्यात एक राजा आला. घरातला नियमही आता बदलला आहे. आमचं चाक उलटं फिरतं, पण ते फक्त आयेनं फिरवायचं. हा नियम शेवंतानं केला आहे, त्यामुळे तो मोडायची कुणाची टाप नाही.

मध्यंतरी नितीननं रजा काढली आणि आईला गावाकडे घेऊन गेला. जायच्या आदल्या दिवशी आये येऊन गेली. पिशवीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तो पहिला शंख होता. म्हणाली, "चाकाक कोणाक हात लावूक देव नको. मी येतलंय."

ती गेल्यावर मी धास्तावलो, हे इथं लिहून टाकतो. समुद्र दिसल्यावर ती परत कशाला येईल? आमच्याकडे आहे काय, तर भाकर, धूळ आणि मी. शेवंता दिवसातून तीनदा हायवेकडे बघून यायची आणि विचारलं की म्हणायची, "कपडे वाळले का पाहाले गेलती." कपडे घरामागे वाळतात.

मग एका सकाळी जीप थांबली. आये उतरली, चेहरा उन्हानं रापलेला, हातात सुक्या मासळीची पुडी. पुडी तिनं शेवंताला दिली, पाट ओढला आणि चाकासमोर बसली.

मी विचारलं, "ठेवला का शंख?"

"ठेवलंय. त्येच्या फोटोफुडे."

"काही बोलल्या का त्यांच्याशी?"

"काय बोलतलंय?" आयेनं चाकाच्या कडेला तळवे लावले. "म्हटलंय, घे, वाशीमात गावलो. चल, माती लाव."